चाकाच्या खुर्चीचा सुरक्षित प्रवास : वाहनचालकांच्या प्रशिक्षणाची गरज

शासनाच्या कल्याणकारी योजना गावागावांपर्यंत पोचविण्यासाठी गेल्या अनेक वर्षांत मोठे प्रयत्न झाले आहेत. तथापि, योजना गावापर्यंत पोचली तरी तिचा लाभ घेण्यासाठी माणसाला बहुधा गावाबाहेर जावे लागते. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय, दाखल्यासाठी तहसील कचेरी, शिक्षणासाठी मोठ्या गावातील शाळा आणि उपचारासाठी शहर, असा हा प्रवास असतो. धडधाकट माणूस एस. टी. ने किंवा मिळेल त्या वाहनाने तो करतो. ज्याच्या पायांत बळ नाही आणि ज्याचे सारे चलनवलन चाकाच्या खुर्चीवर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत मात्र घराच्या उंबरठ्यापासून वाहनाच्या आसनापर्यंतचे चार हातांचे अंतरच सर्वांत कठीण ठरते. हे अंतर पार करून देणारा माणूस म्हणजे वाहनचालक होय. त्याला या कामाचे शिक्षण कसे देता येईल, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या, तर चलनवलनाचे अपंगत्व असलेल्यांची संख्या ५४ लाखांवर होती. महाराष्ट्रात त्या वर्षी २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली.

या आकड्यांचा अर्थ एखाद्या गावाच्या संदर्भात पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे गाव आहे. हातमागावर हातांइतकेच पायांचेही काम असते. पावड्या दाबल्याशिवाय ताण्याचे धागे वरखाली होत नाहीत आणि धोटा पुढे सरकत नाही. अशा गावात अपघाताने, पक्षाघाताने किंवा मेरुरज्जूच्या दुखापतीने एखाद्याचे पाय निकामी झाले, तर त्याचा व्यवसाय आणि त्याचे फिरणे ही दोन्ही एकदमच थांबतात. त्याला तहसीलच्या कामासाठी मोहाडीस, जिल्हा रुग्णालयासाठी भंडाऱ्यास आणि मोठ्या उपचारासाठी नागपुरास जावे लागते. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांकडेच्या चिखलवाटेवर खुर्चीची लहान चाके रुततात आणि एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील ऊन असह्य होते. एकदा जाऊन येण्यास एवढे सायास पडू लागले, की पुढची खेप आपोआप टळते. टळलेली खेप म्हणजे चुकलेला उपचार, न मिळालेला दाखला किंवा सुटलेली शाळा.

खुर्ची, सवलत आणि पायरी

दिव्यांगांना साधने पुरविण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून राबविली जात आहे. या योजनेखाली चाकाच्या खुर्च्या, तीनचाकी सायकली, कुबड्या व कॅलिपर यांचे वाटप शिबिरांतून होते. राज्य परिवहन महामंडळाच्या साध्या बसभाड्यात दिव्यांग प्रवाशांना ७५ टक्के सवलत आहे. या दोन्ही योजनांचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही. परंतु सवलतीने भाडे कमी होते, बसची पायरी कमी उंच होत नाही. खुर्ची मिळाली तरी ती वाहनात कशी चढवावी, कोठे ठेवावी आणि कशी बांधावी, हे कोणी शिकविलेले नसते. परिणामी प्रवाशाला उचलून आत ठेवण्यात येते आणि त्याची खुर्ची टपावर किंवा घरीच राहते. मुक्कामी पोचल्यावर तो पुन्हा परावलंबी होतो.

कायद्याची चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार डिसेंबर २००६ मध्ये संमत केला आणि भारताने तो ऑक्टोबर २००७ मध्ये मान्य केला. या कराराच्या नवव्या अनुच्छेदात वाहतुकीची सुगमता आणि संबंधितांचे प्रशिक्षण या दोहोंचा उल्लेख आहे. त्यास अनुसरून संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत केला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. अधिनियमाच्या कलम ४१ अन्वये बसस्थानके, रेल्वे स्थानके, विमानतळ व सर्व प्रकारची वाहने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी शासनावर आहे.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने याच अधिनियमाचे कलम ४७ विशेष महत्त्वाचे आहे. पंचायत राज संस्थांचे सदस्य, प्रशासक व पोलीस अधिकारी यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय अनिवार्य असावा, असे त्यात म्हटले आहे. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, आशा व अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या शिक्षणक्रमातही हा विषय यावा, अशी तरतूद आहे. वाहनचालकांचे नाव मात्र या यादीत स्वतंत्रपणे घेतलेले नाही. दिव्यांग व्यक्तीला प्रत्यक्ष हात देणारा माणूस अशा रीतीने प्रशिक्षणाच्या कक्षेबाहेर राहू नये, याची दक्षता स्थानिक पातळीवरच घ्यावी लागेल.

वाहनांच्या रचनेबाबतही नियम झाले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१९ मध्ये सुधारणा करण्यात आली. त्यानुसार १ मार्च २०२० पासून बसगाड्यांत दिव्यांगांसाठी प्राधान्य आसने, हाताने धरण्याचे दांडे, कुबड्या व काठ्या ठेवण्याची सोय आणि चाकाची खुर्ची आत घेऊन ती जागी अडकविण्याची व्यवस्था यांसंबंधीच्या तरतुदी लागू झाल्या. सुगमतेची किमान मानके ऐच्छिक न राहता बंधनकारक असावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात दिला आहे.

केवळ वाहन असून भागत नाही, हे दुसऱ्या एका प्रकरणावरून दिसून येते. फेब्रुवारी २०१२ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांसाठी कार्य करणाऱ्या जीजा घोष या कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना मेंदूच्या पक्षाघाताचे अपंगत्व आहे. त्या विमानात बसल्यानंतर त्यांना खाली उतरविण्यात आले. विमानात आसन होते, तिकीट होते, प्रवासीही तयार होता. उणीव होती ती कर्मचाऱ्यांच्या समजुतीची. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना १० लाख रुपयांची भरपाई देवविली. जे विमानात घडले ते गावच्या रिक्षाथांब्यावरही घडू शकते. तेथे मात्र न्यायालयापर्यंत जाणारे कोणी नसते.

चढणे आणि उतरणे

चालकाच्या प्रशिक्षणाचा पहिला भाग खुर्ची आत घेण्याचा आहे. इमारतीच्या उतारासाठी १ : १२ हे प्रमाण योग्य मानले जाते, म्हणजे एक हात उंचीस बारा हात लांबीचा उतार. वाहनाची तळपाटी जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच असेल, तर या हिशेबाने रॅम्प ७.२ मीटर लांब हवा. एवढी लांब फळी कोणत्याही टॅक्सीत मावणार नाही. म्हणून वाहनांचे रॅम्प बरेच उभे असतात. अमेरिकेतील २०१६ च्या नियमाने बसच्या रॅम्पसाठी १ : ६ ही मर्यादा घालून दिली आहे. तरीही वरील उंचीस ३.६ मीटर लांबी लागते. अशा चढावर एकट्याने खुर्ची चालविणे बहुतेकांना अशक्य असते व तेथे चालकाच्या मदतीची गरज पडते.

वाहन कोठे उभे करावे, हा या कौशल्याचाच भाग आहे. रॅम्पचे टोक १५ सेंटिमीटर उंचीच्या एखाद्या ओट्यावर किंवा रस्त्याच्या उंच कडेवर टेकविले, तर चढण्याची उंची ६० वरून ४५ सेंटिमीटर होते आणि त्याच उतारासाठी रॅम्पची लांबी जवळजवळ एक मीटरने कमी लागते. जागेची निवड जाणत्या चालकाला क्षणात करता येते. हाताने ढकलायची खुर्ची वर नेताना प्रवाशाचे तोंड वाहनाकडे असावे आणि चालकाने मागे राहावे. उतरविताना खुर्ची उलटी, म्हणजे पाठीच्या बाजूने उतरवावी व चालकाने खालच्या बाजूस राहून तिचा भार पेलावा. तोंड पुढे करून उतरविल्यास प्रवासी पुढे घसरून पडण्याचा धोका असतो. खुर्ची उचलण्याची वेळ आलीच, तर ती हातांच्या टेकूंना किंवा पायांच्या पाट्यांना धरून उचलू नये. हे भाग काढता येण्याजोगे असतात व ऐन वेळी हातात येतात. बॅटरीवरील खुर्ची तर उचलूच नये, कारण तिचे वजन बसलेल्या माणसापेक्षाही अधिक असू शकते.

खुर्ची बांधण्याचे शास्त्र

दुसरा भाग सुरक्षिततेचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. वाहन एकाएकी थांबले तरी त्यातील सैल वस्तू पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. खुर्चीचे ब्रेक लावलेले असले तरी ते चाकांना फिरू न देण्यापुरतेच उपयोगी असतात. धक्क्याच्या वेळी संपूर्ण खुर्ची घसरते किंवा उलटते. चाकाच्या खुर्चीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार केल्या जाणाऱ्या धडक चाचणीत ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेग व गुरुत्वाच्या वीसपट मंदन गृहीत धरलेले असते. याचा अर्थ असा की, ८५ किलो वजनाची खुर्ची त्या क्षणी १,७०० किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढली जाते. हा जोर एखाद्या मदतनिसाने हाताने रोखता येईल, ही कल्पनाच चुकीची आहे.

यासाठी चार पट्ट्यांची पद्धत जगभर वापरली जाते. खुर्ची वाहनाच्या पुढच्या दिशेला तोंड करून ठेवतात. आडवी ठेवलेली खुर्ची धडकेच्या वेळी कोलमडते, म्हणून तशी कधीही ठेवू नये. दोन पट्टे पुढून व दोन मागून खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला अडकवून ताणतात. चाके, हातटेकू किंवा पायपाट्या यांना पट्टा बांधणे व्यर्थ होय. पट्टे ताणल्यावर खुर्ची हलवून पाहावी आणि मगच प्रवाशाचा पट्टा लावावा.

प्रवाशाचा पट्टा वेगळा असतो, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. खुर्ची बांधली म्हणजे माणूस बांधला गेला असे होत नाही. कमरेचा पट्टा पोटावर न येता ओटीपोटाखालच्या हाडांवर सपाट बसला पाहिजे, खांद्याचा पट्टा छातीवरून गेला पाहिजे आणि दोन्ही पट्टे हातटेकूंच्या आतून अंगाला लागून असले पाहिजेत. खुर्चीला मुळातच असलेला छोटा पट्टा नीट बसता यावे यासाठी असतो. तो धडकेत टिकत नाही.

वाटपात मिळणाऱ्या अनेक साध्या खुर्च्या वाहनात आसन म्हणून वापरण्यासाठी तयार केलेल्या नसतात. ज्या प्रवाशाला शक्य असेल त्याला वाहनाच्या आसनावर बसवून नेहमीचा पट्टा लावणे आणि खुर्ची घडी करून बांधून ठेवणे हेच अधिक सुरक्षित असते. आंधळगावसारख्या गावात रॅम्प असलेले वाहन सहसा मिळत नाही. ऑटोरिक्षा, जीप किंवा रुग्णवाहिका यांवरच भिस्त असते. तेथे खुर्चीवरून आसनावर बसविण्याची ही रीत शिकणे प्रथम आवश्यक ठरते. खुर्ची आसनाच्या शक्य तितकी जवळ व थोडी तिरकी लावावी, ब्रेक घट्ट करावेत, पायपाट्या बाजूला कराव्यात. उचलणाऱ्याने कंबर न वाकविता गुडघे वाकवावेत. प्रवाशाला काखेत धरून ओढू नये, त्याने खांद्याला इजा होते.

माणसाची ओळख

तिसरा भाग शरीराच्या जाणिवेचा आहे. मेरुरज्जूला दुखापत झालेल्या व्यक्तीच्या पायांना बहुधा संवेदना नसते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे आसन किंवा बकल तापलेले असेल, तर कातडी भाजली तरी त्या व्यक्तीला कळत नाही. दुखापत मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर घामही पुरेसा येत नाही व शरीराचे तापमान झपाट्याने वाढते. विदर्भातील चालकाने उन्हाळ्यात आसनावर ओले करून पिळलेले कापड फिरवावे, वाहन सावलीत उभे करावे व पाणी जवळ ठेवावे. लघवीची पिशवी असल्यास तिची नळी पट्ट्याखाली दबणार नाही हे पाहावे. दीर्घ प्रवासात एकाच जागी दाब पडून जखमा होतात, म्हणून मध्ये थांबून प्रवाशाला अंग हलविण्यास अवसर द्यावा.

चौथा भाग वागणुकीचा. प्रवाशाशी थेट बोलावे, त्याच्या सोबत्याला ‘यांना कुठे न्यायचे?’ असे विचारू नये. हात लावण्यापूर्वी ‘कशी मदत करू?’ असे विचारावे. स्वतःच्या शरीराची माहिती प्रवाशालाच सर्वांत अधिक असते, म्हणून त्याने सांगितलेली पद्धत प्रमाण मानावी. स्त्री प्रवाशाच्या बाबतीत तिची संमती व सोबतच्या स्त्रीची मदत यांचे भान ठेवावे. खुर्ची हा प्रवाशाच्या शरीराचाच भाग समजावा. तीवर सामान टाकू नये, तिला रेलून उभे राहू नये. सर्व अपंगत्वे डोळ्यांना दिसत नाहीत, हेही चालकाने जाणले पाहिजे. २०१६ च्या अधिनियमात २१ प्रकारांचा समावेश असून पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल आजार त्यांपैकी एक आहे.

इतर देशांतील अनुभव

लंडन शहरात १ जानेवारी २००० पासून प्रत्येक परवानाधारक काळी टॅक्सी चाकाची खुर्ची आत घेता येईल अशीच असली पाहिजे, असा नियम करण्यात आला. परंतु वाहन सुधारल्यावरही चालक थांबत नाहीत किंवा जादा भाडे मागतात, अशा तक्रारी राहिल्या. म्हणून ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातील चालकांच्या कर्तव्यांचे कलम एप्रिल २०१७ पासून अंमलात आणले गेले. नियुक्त टॅक्सीच्या चालकाने प्रवाशाला खुर्चीसह न्यावे, वाजवी मदत करावी व त्यासाठी अधिक भाडे घेऊ नये, असे हे कलम सांगते. त्याचा भंग हा दंडनीय अपराध आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याखालील नियमांनुसार वाहतूक कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामात निपुणता येईपर्यंत प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. व्याख्यानास हजेरी लावली म्हणजे शिक्षण झाले, असे तेथे मानले जात नाही. चालकाने खुर्ची स्वतः बांधून दाखवावी लागते.

तालुक्याच्या पातळीवर काय करता येईल

आपल्याकडे व्यावसायिक चालकांच्या शिक्षणक्रमात लोकांशी वागणूक, आगीचे धोके व प्रथमोपचार हे विषय पूर्वीपासूनच आहेत. दिव्यांग प्रवाशाला मदत हा विषय त्यांत जोडणे अवघड नाही. पुण्याची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून वाहतूक क्षेत्रातील प्रशिक्षणाचे कार्य करीत आहे. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून, तर खडकी येथील जायबंदी सैनिकांचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कार्यरत आहे. वाहतुकीचे व पुनर्वसनाचे ज्ञान राज्यात आहे. ते एकत्र आणून तालुक्यापर्यंत नेणे एवढेच काम उरते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाल्याने या समन्वयास एक हक्काचे स्थानही लाभले आहे.

मोहाडीसारख्या तालुक्यात असे शिबिर दोन दिवसांत पार पडू शकेल. पहिल्या दिवशी परिवहन कार्यालयाच्या अधिकाऱ्याने नियम समजावून द्यावेत, जिल्हा रुग्णालयाच्या भौतिकोपचार तज्ज्ञाने उचलण्याची व बसविण्याची रीत दाखवावी. दुसरा दिवस पूर्णपणे सरावाचा असावा. प्रत्येक चालकाने काही वेळ स्वतः खुर्चीत बसून वाहनात चढावे, पट्टा न ताणता व ताणून असा दोन्ही प्रकारे अगदी मंद गतीने थोडा फेरा अनुभवावा, म्हणजे सांगण्याची फारशी गरज राहत नाही. शिक्षक म्हणून त्या परिसरातील खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तींना सन्मानाने बोलवावे व त्यांना मानधन द्यावे. शेवटी प्रत्येकाकडून कृती करवून घेऊनच प्रमाणपत्र दिले जावे.

खर्चाचा विचार करता चार पट्ट्यांचा संच, एक घडीचा रॅम्प व सरावासाठी एक खुर्ची एवढीच सामग्री लागते. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. काही गावांनी एकत्र येऊन या निधीतून असा संच घेतला, तर तो सर्वांच्या उपयोगी पडेल. गावातील कोणत्या चालकांनी प्रशिक्षण घेतले आहे, त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्यास गरजूंना शोधाशोध करावी लागणार नाही.

शिक्षकांचाही यात मोठा वाटा आहे. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रवास भत्ता व मदतनीस भत्ता यांची तरतूद आहे. भत्ता मिळतो, परंतु मुलाला रोज नेणारा रिक्षाचालक अनभिज्ञ असेल तर पालकांच्या मनातील भीती जात नाही व मूल घरीच राहते. मुख्याध्यापकांनी अशा चालकांची नावे शिबिरासाठी पुढे पाठवावीत. निवडणुकीच्या वेळी दिव्यांग मतदारांना मतदान केंद्रापर्यंत नेण्यासाठी वाहनांची व खुर्च्यांची सोय केली जाते. त्या कामावर नेमलेल्या चालकांनाही एक दिवसाचे प्रशिक्षण दिले, तर निवडणूक संपल्यावरही ते ज्ञान गावातच राहील.

रस्ते, वाहने व इमारती सुगम होण्यास काळ आणि पैसा लागतो. चालकाला शिकविण्यास दोन दिवस पुरतात. आंधळगावचा एखादा विणकर आपल्या खुर्चीसह सुखरूपपणे भंडाऱ्यास गेला, रुग्णालयात स्वतः खुर्ची चालवीत तपासणीच्या खोलीपर्यंत पोचला आणि संध्याकाळी घरी परतला, तर त्याच्यासाठी आखलेल्या इतर सर्व योजनांनाही अर्थ प्राप्त होईल. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घेणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते.